बारीक येतंय

“एकदम क्लिअर येतंय ताई, ओव्हर.”

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, थळच्या किनाऱ्याला नांगरलेल्या आमच्या होडीच्या केबिनमध्ये उकिडवी बसून मी हे शब्द ऐकले, माईक हुकाला अडकवला आणि हातातल्या कागदावर ‘वायरलेस’समोर बरोबरची खूण केली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. केबिनमध्ये ताजा ऑइलपेंट, डिझेल, ओले दोर आणि सकाळची उदबत्ती यांचा मिळून एक वास कोंडला होता. तो मला कुठेही, डोळे मिटूनही ओळखता येईल. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती. माईकचं बटण दाबल्यावर सेटचा दिवा मंदावत नव्हता, म्हणजे बॅटरीपासूनच्या तारा आणि जोड ठीक होते. आधी १ वॉटवर हाक मारली, मग २५ वॉटवर. दोन्हीला उत्तर आलं. उत्तर देणारी होडी आमच्यापासून दोन होड्या सोडून पलीकडे होती. त्या पोराचा आवाज मला स्पीकरमधून आला, आणि त्याच क्षणी केबिनच्या उघड्या खिडकीतूनही आला.

तो खिडकीतून आलेला आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

आमच्या घरात होडीची वीज माझ्याकडे असते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यापासून दरवर्षी पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने संपत आले की मी पनवेलहून रजा काढून येते आणि दिवे, पंप, जीपीएस, वायरलेस सगळं एकेक करून तपासते. दादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. बाबा आता सत्तरीचे, पाण्यावर जात नाहीत, पण होडी पाण्यात उतरते तेव्हा किनाऱ्यावर उभे असतात. माझं काम मात्र चिखलाच्या रेषेपाशी संपतं. आमच्याकडे बायका पौर्णिमेला होडीची पूजा करतात, आलेली मासळी विकतात, जाळी विणतात. मासेमारीला होडीवर जात नाहीत. याबद्दल मी कधी भांडले नाही आणि ते कधी पूर्ण पटलंही नाही. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, मी का नाही यायचं? ते म्हणाले होते, “येशील एकदा.” त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नव्हता. त्यामुळे मी जे काही तपासलं ते नेहमी किनाऱ्यालगत, शेजारच्या होडीशी बोलून तपासलं. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी ते तपासावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

कोजागिरी होऊन आठेक दिवस झाले होते. मी शनिवारची घरी आले होते. दादा दोन दिवसांनी समुद्रावरून परतला होता आणि बोंबलाच्या कालवणात भाकरी कुस्करता कुस्करता सांगत होता, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या होडीचं सांगतोय. थळसमोरच्या खांदेरी बेटाच्या पश्चिमेला दहा-बारा मैलांवर कुणाच्या तरी तुटलेल्या जाळ्याचा दोर होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतला. इंजिन बंद पडलं. रात्रीचं पाण्यात उतरून कापणं जमेना. नांगर टाकला, पण पाण्याला ओढ होती. मोबाइलला रेंज नव्हती. चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती, आणि मुंबईकडे जाणाऱ्या एका मोठ्या जहाजाचे दिवे त्यांच्या रोखाने येताना दिसत होते. दादाने वायरलेसच्या सोळा नंबरवर, संकटाच्या चॅनेलवर, हाका मारल्या. खलाशांनी बॅटऱ्या हलवल्या, एकाने रॉकेलचा बोळा पेटवून धरला. जहाज बाजूने निघून गेलं; त्यांनी पाहिलं की नुसतंच गेलं ते कळायला मार्ग नाही. उजाडल्यावर एक जण कोयता घेऊन खाली उतरला, दोर कापला आणि सगळे घरी आले.

“वायरलेस?” मी विचारलं.

“चालू होता की. रात्रभर बोंबलत होतो. मला सगळे ऐकू येत होते. मी कुणाला जात नव्हतो.”

एवढं बोलून त्याने आईपुढे ताट केलं, तिने भात वाढला. बाबांचा हात ताटातच थांबला होता. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही, आणि तेच मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला होडी चिखलात कलती पडलेली असताना मी केबिनच्या टपावर चढले. अँटेनाची पांढरी काठी ठणठणीत होती. तिच्या बुडाशी केबल जिथे जोडली जाते तो पीएल-२५९ प्लग काळ्या टेपने गुंडाळलेला होता. दोन वर्षांपूर्वी दुकानातून करून घेतलेलं काम. गुंडाळी इतकी सुबक होती, पदरावर पदर इतका नेमका बसलेला होता, की ऑगस्टमध्ये मी तिच्यावरून फक्त बोट फिरवलं होतं आणि खाली उतरले होते. आता सुरीने ती उभी चिरली तर आतून चमचाभर पाणी निघालं. टेपने पाणी बाहेर ठेवलं नव्हतं, आत धरून ठेवलं होतं. तांब्याची जाळी काळी पडून तिचा हिरवा भुगा झाला होता. मधल्या तारेचं डाग दिलेलं टोक माझ्या चिमटीत आलं आणि अलगद सुटून हातात राहिलं. मी ते बराच वेळ तळहातावर घेऊन बसले. तांदळाच्या दाण्याएवढा कथिलाचा मणी होता तो.

काय झालं होतं ते मला तिथेच उमगलं. सेटमधून निघालेले २५ वॉट केबलने वर त्या जोडापर्यंत जात होते आणि तिथून उलटे फिरत होते. थोडंसं गळून बाहेर पडत होतं, ते दोन होड्यांपलीकडे पोचायला भरपूर होतं. एवढ्या जवळ तर अँटेना नसती तरी काहीतरी पोचलं असतं. ऐकण्याचं गणित वेगळं. जहाजांच्या अँटेना उंच, त्यांचा आवाज दमदार. त्यातला जो अंश त्या सडक्या जोडातून पाझरून खाली येत होता तेवढ्यावर दादाचा स्पीकर व्यवस्थित बोलत होता. म्हणून सेट जिवंत वाटत होता. ऐकू येतंय म्हणजे आपणही जातोय असं कुणालाही वाटेल. मी नवा प्लग डाग देऊन बसवला, त्यावर ताणून लावायचा, स्वतःलाच चिकटून एकजीव होणारा रबरी टेप लावला, आणि ओळखीच्या एका मेकॅनिककडून आणलेला एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती उलटं फिरतंय ते दाखवणारा, केबलमध्ये जोडला. जुना प्लग काढण्याआधी हाच मीटर लावला होता तेव्हा काटा तीनच्या पुढे गेला होता. आता तो दीडच्या आत थांबला. ऑगस्टमध्ये हे मीटर आणायला मला अर्धा तास लागला असता.

मला सर्वात जास्त लागलं ते वेगळंच. त्या पोराने खोटं सांगितलं नव्हतं. मी जिथून विचारलं तिथून त्याला खरंच क्लिअर येत होतं. माझा प्रश्नच किनाऱ्यावरचा होता.

होडीवरच्या वायरलेसची, म्हणजे व्हीएचएफची लाट समुद्रावर फारशी वाकत नाही. क्षितिजाच्या थोडी पलीकडे जाते आणि संपते. म्हणून तिथे वॉटपेक्षा उंची मोलाची. आमच्या काठीचं टोक पाण्यापासून चारेक मीटर वर. एवढ्या उंचीला साधारण साडेचार सागरी मैलांचं क्षितिज मिळतं, समोरच्या होडीलाही तेवढंच, म्हणजे दोन होड्यांमध्ये नऊ मैल. किनाऱ्यावर शंभर मीटर उंच अँटेना असेल तर तीच होडी पंचवीस मैलांवरूनही ऐकू जाते. हे मी बाबांना कागदावर काढून दाखवत होते तर ते म्हणाले, “म्हणजे बत्तीसारखं.” त्यांच्या तरुणपणी जीपीएस नव्हता. खांदेरीच्या दीपस्तंभाचा उजेड, १८६७ पासून तिथे लागणारा, जिथे पाण्याखाली जाई तिथे तांडेल म्हणत, बत्ती बुडाली. आणि मग टपावर चढून पाहायचं: वरून पुन्हा दिसली तर आपण अगदी कडेला आहोत, वरूनही नाही दिसली तर लांब आलो. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला ज्याचं सूत्र पाठ केलं ते त्यांनी होडीच्या टपावर चढून-उतरून शिकलेलं होतं.

बाबा वायरलेसवर कधी बोलत नसत. त्यांच्या तांडेलकीच्या शेवटच्या वर्षांत सेट आला, तो ते फक्त ऐकत. त्यातही एक सवय होती. सेटवर स्क्वेल्चचं एक बटण असतं, आमच्याकडे त्याला खरखरीचं बटण म्हणतात. ते थोडं फिरवलं की रिकाम्या चॅनेलची खरखर बंद होते आणि कुणी बोललं तरच स्पीकर उघडतो. सगळे ते फिरवून ठेवतात, कारण रात्रभर ती सुं-खर्र ऐकत कोण बसणार? बाबा ते उघडं ठेवत. खलाशी वैतागत, दादाही चिडायचा. मी दरवर्षी सेट तपासताना ते बटण नीट लावून द्यायचे, थोडं जास्तच आवळून, म्हणजे केबिन शांत. पण हे बटण खरखर आणि माणूस यांत फरक करत नाही. ते फक्त जोर बघतं. लांबून, थकल्या बॅटरीवरून, सडक्या प्लगमधून येणारा आवाज त्याच्या लेखी खरखरच असतो. दादाच्या हाका कदाचित सात-आठ मैलांवरच्या एखाद्या होडीपर्यंत पोचल्याही असतील, आणि तिथे कुणीतरी माझ्यासारखंच ते बटण आवळून ठेवलं असेल. आणि याच्या उलट? इतकी वर्षं मी आमच्या होडीचे कान बंद करून तिला समुद्रावर पाठवत होते, त्यांतल्या किती रात्री कोण हाका मारत होतं?

आजीकडून ‘रामदास’ची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ती ऐकणं मी थांबवलं होतं. १७ जुलै १९४७, गटारीच्या तोंडावर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. कामकरी माणसं, व्यापारी, सणाला घरी येणारी पोरं. काशाच्या खडकाजवळ वाऱ्या-लाटांत ती कलली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची. तिच्या सांगण्यात बुडण्यापेक्षा त्यानंतरचे तास जास्त असायचे. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई तिथून दिसण्याच्या अंतरावर, आणि मुंबईला पत्ता नाही. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळीच्या पाट्या समुद्रात ओतल्या आणि माणसं होडीत घेतली. धक्क्यावर बातमी गेली ती पोहून गेलेल्या माणसांबरोबर. “दिवसभर सगली आपापल्या कामाला होती गो,” आजी म्हणायची, “कुणाला काय ठावं?” लहानपणी मला त्या गोष्टीत भीती वाटायची ती बुडणाऱ्यांची. आता तिच्यातला तो साधा दिवस डोळ्यांपुढे येतो. मुंबईतली दुकानं उघडी, ट्राम चालू, रेवसला चुलीवर भात, आणि मध्ये पाण्यात माणसं.

जुन्या जहाजांच्या वायरलेस खोलीत एक खास घड्याळ असे. त्याच्या तबकडीवर चार पाचरी रंगवलेल्या: दोन लाल, दोन हिरव्या, प्रत्येक तीन मिनिटांची. लाल पाचरी मोर्सच्या ५०० किलोहर्ट्झसाठी, हिरव्या २१८२ किलोहर्ट्झच्या बोलण्यासाठी. काटा त्या रंगात आला की जगातल्या सगळ्या जहाजांनी त्या लहरीवर गप्प बसायचं आणि फक्त कान द्यायचा, म्हणजे एखाद्याची क्षीण हाक असेल तर ती गर्दीत बुडणार नाही. तासाला दोनदा, दिवस-रात्र. १९९९ मध्ये उपग्रह आणि डिजिटल हाकांची नवी व्यवस्था पूर्ण लागू झाली आणि ही पद्धत मागे पडली. आता सेटवरचं लाल बटण दाबलं की चॅनेल ७०वरून होडीचा नंबर आणि ठिकाण आपोआप जातं, अर्थात तसा सेट असेल, त्याला जीपीएस जोडलेला असेल आणि अँटेनाचा प्लग शाबूत असेल तर. नव्या व्यवस्थेविरुद्ध मी नाही, तिने माणसं वाचतात. पण त्या घड्याळाचं चित्र मी फोनमध्ये ठेवलंय. गप्प बसण्यासाठी राखून ठेवलेली मिनिटं मी दुसऱ्या कुठल्या तबकडीवर पाहिलेली नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर सोळा नंबर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. ही हाक मारायची आणि संकटाची जागा. बोलायचं तर हाक मारून दुसऱ्या चॅनेलवर जायचं. प्रत्यक्षात तिथे पापलेटचा भाव चालतो, शिव्या चालतात, रात्री गाणी लावतात. मला याचा मनापासून राग येतो. पण एकदा मी किनाऱ्यावर सेट तपासत असताना वेगळंच काही झालं. कुणाचा तरी माईक पोत्याखाली दाबला गेला होता. वीसेक मिनिटं सोळा नंबरवर एकाच होडीचं इंजिन, भांड्यांचा आवाज, कुणाचं खोकणं, आणि एक माणूस दुसऱ्याला सांगतोय की पोरीच्या फीचे पैसे अजून भरायचेत. त्याला कळवायला मार्ग नाही, कारण बटण दाबलेलं असताना त्याचा सेट ऐकत नाही. तो बोलत राहिला आणि त्याच्या आसपासचा सगळा समुद्र मुका झाला. व्हीएचएफवर दोन आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, जोरकस असतो तो दुसऱ्याला झाकून टाकतो. त्या वीस मिनिटांत कुणी मेडे, म्हणजे संकटाची हाक, म्हटलं असतं तरी ते त्या फीच्या पैशांखाली गेलं असतं. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याच्या मुलीची फी भरली का, हे आजही मनात येतं.

दादाचे मित्र म्हणतात मोबाइल आहे, तटरक्षक दलाचा १५५४ आहे, वायरलेस कशाला? नंबर प्रत्येकाने फोनमध्ये ठेवावाच. पण मोबाइलवर एका माणसाला फोन जातो आणि तो घरी असतो. वायरलेसवर जो जवळ आहे त्याला हाक जाते, मग तो ओळखीचा असो-नसो.

नोव्हेंबरात मी दादाला सांगितलं, मला नऊ मैलांवरून तपासायचंय आणि मी स्वतः येणार. तो आईकडे बघायला लागला. आई बाबांकडे. बाबा म्हणाले, “मी पण येतो,” आणि खुंटीवरची टोपी काढली. पहाटे मतलई वाऱ्यावर आम्ही निघालो. आईने दिलेलं फूल बाबांनी नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, खोवलं. खांदेरी उजव्या हाताला आली तेव्हा तिघांनीही वेताळाला हात जोडले. पुढे पाण्याचा रंग बदलला, चिखलाचा पिवळेपणा जाऊन हिरवट काळपट झाला, आणि मागे किनाऱ्यावरची माडांची रांग एक जाड रेघ होऊन राहिली. मी केबिनमध्ये कागद घेऊन बसले. दादाच्या एका मित्राची होडी जाळं टाकून उभी होती. आम्ही वेगळ्या दिशेला जात तिच्यापासून अंतर वाढवत होतो. सोळा नंबर अडवायचा नाही म्हणून बहात्तर ठरवला होता. या वेळी मी “येतंय का?” विचारत नव्हते. एक ते पाच मधलं किती, ते विचारत होते.

दोन मैलांवर पाच. पाच मैलांवर, “चार, ताई.” सात मैलांवर, “तीन धर, पण समजतंय.” नऊ मैलांवर मी तीनदा हाक मारली, होडीचं नाव तीनदा घेतलं, बटण सोडलं. काही नाही. दादाने इंजिन बंद केलं. होडी लाटेवर आडवी झाली, फळ्या करकरल्या. पुन्हा हाक मारली. केबिन शांत होती. माझे हात गार पडले. मला त्या रात्रीचा दादा दिसत होता, याच जागी, हाच माईक धरून.

बाबा दारात उभे होते. ते आत वाकले आणि त्यांनी खरखरीचं बटण पूर्ण उलटं फिरवलं. केबिनभर सुं-खर्र भरली. मला त्यात काहीच ऐकू येत नव्हतं. दादालाही नाही. बाबांनी मान कलती केली, डोळे मिटले, आणि बोटाने मला थांब म्हणून खुणावलं.

“बोलतोय,” ते म्हणाले.

मग मलाही ऐकू आलं. खरखरीच्या तळाशी, तांदळातून खडा लागावा तसं. “...बारीक येतंय... येतंय पण... तुला येतंय का?”

“येतंय,” मी म्हटलं. “किती देशील?”

“दोन... दोन लिही.”

मी कागदावर नऊ मैलांसमोर दोन लिहिलं. दादाने इंजिन सुरू केलं, होडी फिरवली. मी बहात्तरवरून सोळावर आले आणि सवयीने खरखर बंद करायला हात नेला.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

खांदेरी ओलांडून किनारा लागेपर्यंत ती केबिनमध्ये चालू होती.